खाती, परवानग्या आणि अभिलेख: नव्या दस्तऐवज प्रणालीच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

जुनी दस्तऐवज प्रणाली बंद करून नवीवर जायचं ठरलं आहे. प्रत्यक्ष कागदपत्रं हलवायचं काम दुसऱ्या टीमकडे आहे. आमच्याकडे युजर, ग्रुप, परवानग्या आणि अभिलेखांचे (पुरावा म्हणून जपायच्या दस्तऐवजांचे) नियम. काही सापडलं किंवा ठरलं की ते इथे लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे या जागी जो येईल त्याला निर्णयामागचं कारणही मिळेल.

सुरुवात करारांच्या फोल्डरपासून केली, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्यावरूनच येतात. परवानग्यांची यादी उघडली. वर दोन ग्रुप, ते ठीक. त्याखाली पानभर नुसती माणसांची नावं. त्यातले काही जण केव्हाच दुसऱ्या विभागात गेले, तरी बदल करायचा हक्क तसाच आहे. ‘तात्पुरता’ नावाचा एक ग्रुप आहे, त्याचा मालक कोण ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि तळाशी ‘सर्व कर्मचारी – वाचन’, म्हणजे वरच्यांपैकी ज्यांना फक्त वाचायचा हक्क दिलाय त्यांच्या नोंदींना काही अर्थच उरला नाही. कोणी दिलं, कशासाठी दिलं, कधीपर्यंत दिलं, याचं उत्तर प्रणालीत नाही.

या कामात दोन गोष्टी शेवटपर्यंत धरून ठेवायच्या आहेत. परवानगी कामाला असावी, माणसाला नको. माणसाने काम सोडलं की ती आपोआप सुटली पाहिजे. आणि त्याने जे केलं त्याची नोंद मात्र त्याच्या नावापासून कधीच सुटता कामा नये, तो संस्था सोडून गेला तरी. आत्ता नेमकं उलटं होऊन बसलंय.

१५ जानेवारी

डिरेक्टरीशी जोडणी. युजर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (संस्थेतली सगळी खाती ठेवणारी मायक्रोसॉफ्टची यादी) एलडॅपने (अशी यादी वाचायची ठरलेली पद्धत) येणार. पहिल्या चाचणीत बरोबर १००० खाती आली आणि काम ‘यशस्वी’ म्हणून संपलं. असा गोल आकडा दिसला की थांबून बघायचं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका उत्तरात मुळात १००० नोंदीच देते. पुढच्या हव्या असतील तर मागणाऱ्याने पानापानाने मागावं लागतं. जोडणीच्या सेटिंगमध्ये पेजिंग बंद होतं. चालू केल्यावर पूर्ण यादी आली.

दुसरा मुद्दा बंद खात्यांचा. जोडणीबरोबर आलेला फिल्टर ‘युजर अकाउंट कंट्रोल’ची (खात्याच्या स्थितीच्या खुणांची बेरीज) किंमत ५१४ आहे का एवढंच बघत होता. ५१२ म्हणजे साधं खातं, २ म्हणजे बंद, बेरीज ५१४. पण ज्या खात्याचा पासवर्ड कधीच संपत नाही त्यात आणखी ६५५३६ मिळतात, म्हणून तेच खातं बंद केल्यावर किंमत होते ६६०५०. असं खातं या फिल्टरमधून चालू म्हणून निसटतं. आणि पासवर्ड न संपणारी खाती बहुतेक जुन्या अधिकाऱ्यांची किंवा सर्व्हिसची (माणूस नाही, यंत्र किंवा प्रणाली वापरते ती) असतात, म्हणजे ज्यांचे हक्क सगळ्यात मोठे तीच. आता आकड्याची बरोबरी न बघता २चा बिट (त्या बेरजेतली ‘बंद’ची खूण) लागलाय का एवढंच तपासतो. डिरेक्टरीत त्यासाठी बिट तपासायचा वेगळा मॅचिंग रूल आहेच.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: युजर ओळखायचा कशावरून? लॉगिन नावावरून नाही, ईमेलवरून नाही. दोन्ही बदलतात. डिरेक्टरीतला पूर्ण पत्ताही नको, कारण विभाग बदलून खातं दुसऱ्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतला कप्पा) गेलं की तो बदलतो. खातं बनताना मिळणारा ऑब्जेक्ट जीयूआयडी (खात्याचा एकमेव ओळखक्रमांक) मात्र नाव बदललं, विभाग बदलला तरी तोच राहतो. जोडणीची किल्ली म्हणून तोच ठेवला.

२२ जानेवारी

विभागप्रमुखांबरोबर बैठक. भूमिकेवर आधारित परवानग्यांची कल्पना नवी नाही. फेराइओलो आणि कून यांनी १९९२ मध्ये तिची औपचारिक मांडणी केली. तत्त्व सगळ्यांना पटतं. अडतं ते भूमिका किती आणि कोणत्या ठरवायच्या इथे. प्रत्येकाच्या अपवादासाठी एक भूमिका काढत गेलो तर माणसांपेक्षा भूमिका जास्त होतात, आणि मग ते व्यक्तिगत परवानग्यांचंच दुसरं रूप होतं.

आम्ही दोन थर ठरवले. डिरेक्टरीत माणसांचे ग्रुप, त्यांच्या कामाप्रमाणे; ते मनुष्यबळ विभागाच्या नोंदींवरून भरतात. दस्तऐवज प्रणालीत हक्कांचे ग्रुप, उदाहरणार्थ ‘करार – वाचन’, ‘करार – संपादन’. फोल्डरवर फक्त हक्कांचे ग्रुप लागतात आणि हक्कांच्या ग्रुपमध्ये फक्त माणसांचे ग्रुप जातात. व्यक्तीचं नाव फोल्डरवर थेट लावता येणार नाही. प्रत्येक ग्रुपला एक मालक आणि एका ओळीचं कारण असणं सक्तीचं, त्याशिवाय ग्रुप बनतच नाही.

एका विभागप्रमुखांचा आग्रह होता, “माझ्या विभागातलं सगळं मला बदलता आलं पाहिजे.”

मी विचारलं, “गेल्या काही महिन्यांत तुम्ही स्वतः कोणता दस्तऐवज बदललात?”

थोडा विचार करून ते म्हणाले, “बदलला नाही. पण कोणी काय बदललं ते मला कळायला हवं ना!”

ही गरज अगदी रास्त आहे, फक्त ती संपादनाच्या हक्काने भागत नाही. त्यांना वाचन आणि बदलाची सूचना असं दिलं. बाकीच्यांनीही मग तेच मागितलं, आणि संपादन करू शकणाऱ्यांची यादी तिथल्या तिथे आखडली.

२९ जानेवारी

वारसा तुटलेले फोल्डर. वरच्या फोल्डरची परवानगी खाली उतरते हा साधा नियम. पण मध्येच कोणीतरी एका उपफोल्डरवर तो तोडतो आणि त्या दिवसापासून वर केलेला कोणताही बदल खाली पोचत नाही. बाहेरून दोन्ही फोल्डर सारखेच दिसतात. नव्या आलेल्याला ‘फाइल दिसत नाही’ आणि गेलेल्याला अजून दिसते, दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच.

याला तांत्रिक किंमतही आहे. शेअरपॉइंटमध्ये (मायक्रोसॉफ्टची दस्तऐवज प्रणाली) एका यादीत वेगळ्या परवानग्यांच्या जागा ५०,००० च्या पलीकडे नेता येत नाहीत आणि ५,००० च्या आत ठेवा असा सल्ला आहे. आमची प्रणाली वेगळी आहे, पण कारण तेच: प्रत्येक शोधाच्या वेळी तेवढ्या याद्या तपासाव्या लागतात.

‘नकार’ देणारे नियम वापरायचे नाहीत, असंही ठरवलं. विंडोजच्या फाइल परवानग्यांत थेट लावलेला नकार थेट दिलेल्या परवानगीवर मात करतो, पण वरून वारशाने आलेल्या नकारावर थेट दिलेली परवानगी मात करते. दुसऱ्या प्रणालीत हा क्रम वेगळा असतो. ‘नकार आहे म्हणजे बंद’ असं समजून निर्धास्त राहणाऱ्या माणसाला हा क्रम कोणी सांगितलेला नसतो. ज्याला द्यायचं नाही त्याला द्यायचंच नाही. आधी देऊन मग काढून घ्यायचं हे नको.

५ फेब्रुवारी

आज पूर्ण दिवस अभिलेख अधिकारी मॅडमबरोबर. या कामात त्यांच्या इतकी स्पष्टता दुसऱ्या कोणाकडे मी पाहिली नाही.

त्यांनी सुरुवातीलाच आयएसओ १५४८९ हे अभिलेख सांभाळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक समोर ठेवलं. हे मानक २००१ मध्ये आलं, त्याचा पहिला भाग २०१६ मध्ये सुधारला. अभिलेखाकडून ते चार गोष्टी मागतं: तो अस्सल असावा, विश्वासार्ह असावा, अखंड असावा आणि वापरता यावा. मॅडमनी प्रत्येकासमोर प्रणालीतलं सेटिंग लिहायला लावलं. अस्सल म्हणजे कोणी आणि कधी बनवला हे बदलता न येणं. अखंड म्हणजे अभिलेख म्हणून घोषित झाल्यावर मजकुरावर कोणाचाच, मालकाचाही, लिहायचा हक्क न उरणं. वापरता येणं म्हणजे दहा वर्षांनी उघडेल असा फॉरमॅट. त्यासाठी अंतिम प्रत दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ/ए मध्ये, ज्याचं मानक २००५ पासून आहे.

शीर्षकातली टंकनचूक सुधारायची झाली तर काय, यावर बराच वेळ गेला. ठरलं असं: वर्णनाची ठराविक क्षेत्रं अभिलेख अधिकाऱ्याला सुधारता येतील, जुनी किंमत आणि कारण लॉगमध्ये जाईल. तारखा आणि निर्माता ही क्षेत्रं कोणालाच खुली नाहीत.

जतनकालाचा (दस्तऐवज किती काळ ठेवायचा याचा) प्रश्न आकड्यांचा वाटतो, पण अडचण असते सुरुवात कुठून धरायची याची. ‘बनल्यापासून इतकी वर्षं’ हे सोपं. तारीख प्रणालीकडे असतेच. ‘करार संपल्यापासून इतकी वर्षं’ इथे करार संपला हे प्रणालीला कोणीतरी सांगावं लागतं. आम्ही करारांची यादी काढून ‘समाप्ती दिनांक’ हे क्षेत्र बघितलं. ओळीमागून ओळी रिकाम्या. हे करार संपून गेले असतील, दोन्ही पक्ष ते विसरलेही असतील, पण प्रणालीच्या लेखी त्यांचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. नियम कितीही चोख लिहिला तरी हे दस्तऐवज कायमचे पडून राहणार होते.

उपाय: करार घोषित करताना अपेक्षित समाप्ती भरणं सक्तीचं. ती तारीख उलटली की करार सांभाळणाऱ्या भूमिकेकडे काम जातं, ‘संपला की वाढवला?’ उत्तर येईपर्यंत ते काम बंद होत नाही.

१२ फेब्रुवारी

लीगल होल्ड. वाद किंवा चौकशी चालू असेल तर जतनकाल संपला तरी दस्तऐवज नष्ट होता कामा नये. तीन गोष्टी तपासल्या. एकाच दस्तऐवजावर दोन होल्ड असताना एक उठवला तर दुसरा टिकतो का: टिकतो. होल्ड लावलेल्या फोल्डरमध्ये नवीन फाइल आली तर तिलाही लागतो का: फोल्डरवर लावला असेल तरच, शोधाच्या निकालावर लावला असेल तर नाही. म्हणून चालू प्रकरणांत फोल्डरवरच लावायचा.

तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. होल्डचं नावच माहिती फोडतं. दस्तऐवजाच्या गुणधर्मांत ‘अमुक कर्मचाऱ्याविरुद्ध चौकशी’ असं नाव सगळ्या वाचकांना दिसत होतं. आता होल्डला फक्त क्रमांक, आणि क्रमांकाचा अर्थ कायदा विभागाकडे.

१९ फेब्रुवारी

ॲडमिनचे हक्क. जुन्या प्रणालीत सर्व्हर सांभाळणारा, युजर बनवणारा, अभिलेख नष्ट करणारा आणि लॉग साफ करणारा एकच हक्क होता. ज्याच्या हातात कागद जाळायची काडी आहे त्याच्याच हातात नोंदवही द्यायची नसते. तीन वेगळे हक्क केले: प्रणाली सांभाळणं, अभिलेखांचे नियम आणि विल्हेवाट, आणि लॉग वाचणं. एकाच खात्याला यातले दोन मिळू शकत नाहीत, तशी अटच घातली.

प्रणाली सांभाळणारा स्वतःला कोणत्याही ग्रुपमध्ये घालू शकतो, हे मात्र पूर्ण रोखता येत नाही. पण त्याने तसं केल्याची नोंद त्याच्या आवाक्याबाहेर ठेवता येते. लॉग त्याच क्षणी वेगळ्या सर्व्हरवर जातो, तिथे एकदा लिहिलेलं पुसता येत नाही आणि त्या सर्व्हरवर आमच्यापैकी कोणाचंही खातं नाही.

त्यानंतर शोध तपासला, आणि हे प्रत्येकाने तपासावं असं मला कळकळीने वाटतं. कोणताच हक्क नसलेलं चाचणी खातं बनवलं आणि ‘पगारवाढ’ शोधलं. फाइल उघडत नव्हती. पण निकालांची संख्या दिसत होती, आणि टाइप करताना सुचवणीत पूर्ण शीर्षकं येत होती. नुसत्या शीर्षकावरून कोणत्या पदाचा प्रस्ताव चाललाय ते कळत होतं. दस्तऐवजावर परवानगी चोख होती. सुचवणीची यादी ती विचारतच नव्हती. सुचवणी बंद केली, संख्या परवानगी गाळून मगच दाखवायची असं सेटिंग लावलं. पूर्वदृश्याच्या छोट्या चित्रांचा थेट पत्ताही तपासला. तो लॉगिन मागतो, पण दस्तऐवजाची परवानगी बघत नाही. प्रणालीच्या निर्मात्यांना कळवलंय, तोवर गोपनीय वर्गासाठी पूर्वदृश्य बनवणंच बंद.

२६ फेब्रुवारी

सर्व्हिस खाती. स्कॅनरचं, लेखा प्रणालीचं, ईमेल आत घेणाऱ्याचं, तिन्ही पूर्ण ॲडमिन हक्कांवर चालली होती. तिघांनाही फक्त आपल्या आवक फोल्डरमध्ये फाइल टाकायचा हक्क दिला. लेखा प्रणालीला एका प्रकारचा दस्तऐवज वाचावा लागतो, तेवढा वेगळा दिला.

खरा प्रश्न श्रेयाचा होता. स्कॅन केलेल्या प्रत्येक कागदाचा निर्माता म्हणून स्कॅनरचं खातं दिसतं. कागद कोणी स्कॅन केला, मूळ प्रतीशी कोणी ताडला, हे हरवतं. आता स्कॅनर कार्डाने लॉगिन मागतो आणि ते नाव ‘सादर करणारा’ या वेगळ्या क्षेत्रात बसतं.

५ मार्च

सोडून जाणाऱ्यांची प्रक्रिया. खातं पुसायचं नाही, बंद करायचं. पुसलं की जुन्या प्रत्येक आवृत्तीच्या पुढे नावाऐवजी ‘अज्ञात युजर’ येतं, आणि अभिलेखाच्या अस्सलपणातला एक पाय जातो.

पण बंद करूनही बरंच उरतं. त्याने चेकआउट करून (बदल करायला आपल्याकडे घेऊन) ठेवलेले दस्तऐवज इतरांना कुलूपबंद राहतात. मंजुरीची कामं त्याच्या पेटीत अडकतात. त्याच्या मालकीच्या फोल्डरवर मालक म्हणून असलेले हक्क ग्रुपमधून काढल्यावरही जात नाहीत. आणि चालू सत्र लगेच तुटत नाही: चाचणी खातं डिरेक्टरीत बंद केलं, तरी ब्राउझरमधलं उघडं पान चालत राहिलं, कारण सिंगल साइन-ऑनने (एकाच लॉगिनवर अनेक प्रणाली उघडणारी सोय) दिलेलं सत्र आपली मुदत संपेपर्यंत परत विचारत नाही. एपीआयचं टोकन (दुसऱ्या प्रोग्रामला आत येण्यासाठी दिलेली किल्ली) तर त्याहून जास्त टिकलं. आता बंद करण्याच्या कामात सत्र तोडणं आणि टोकन रद्द करणं हे वेगळे टप्पे आहेत.

लॉगिन नाव दुसऱ्याला द्यायचं नाही, हा नियम लेखी करून घेतला. जुनी प्रणाली लॉगिन नावावरूनच माणूस ओळखायची. नवा माणूस त्याच आद्याक्षरांचा आला आणि त्याला तेच नाव मिळालं, तर आधीच्याचे मसुदे त्याला आपलेच म्हणून दिसतात आणि आधीच्याची कामं लॉगमध्ये याच्या नावावर वाचली जातात. चाचणी सर्व्हरवर हे करून दाखवल्यावर मनुष्यबळ विभागाने तिथेच सही केली.

१४ मार्च

स्थलांतराची तालीम, आणि या प्रकल्पातला सगळ्यात गंभीर शोध. हलवलेल्या प्रत्येक दस्तऐवजावर निर्मितीची तारीख आजची आणि निर्माता म्हणून स्थलांतराचं खातं.

हे नुसतं दिसायला वाईट नाही. जतनकाल ‘बनल्यापासून’ मोजला जात असेल तर सगळ्या जुन्या दस्तऐवजांचं घड्याळ आज नव्याने सुरू होतं. काल नष्ट व्हायचा दस्तऐवज पुढची कित्येक वर्षं राहतो, आणि कोणी त्याबद्दल विचारलं तर दाखवायला खोटी तारीख.

कारण समजून घेतलं. हलवणारी टीम सीएमआयएसने फाइल टाकत होती. वेगवेगळ्या दस्तऐवज प्रणालींनी एकमेकांशी बोलावं म्हणून हे मानक २०१० मध्ये आलं, आणि त्यात निर्माता व निर्मितीची तारीख ही क्षेत्रं फक्त वाचण्यासाठी आहेत. एरवी हेच बरोबर आहे, कोणालाही मागची तारीख घालता येऊ नये. स्थलांतरासाठी मात्र प्रणालीबरोबर येणारं घाऊक आयातीचं साधन वापरावं लागतं, जे मूळ किमती ठेवू देतं. ते आता वापरतोय, आणि काम झाल्यावर ते सर्व्हरवरून काढून टाकायचं आहे.

दुसऱ्या तालमीत तारखा आल्या, पण काही एक दिवस मागे. जुनी प्रणाली नुसती तारीख ठेवते, आयातीने ती मध्यरात्रीची स्थानिक वेळ धरून यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नेली आणि ती आदल्या दिवसात गेली. १ जानेवारीचा दस्तऐवज ३१ डिसेंबरचा झाला, म्हणजे वर्ष बदललं, म्हणजे विल्हेवाटीचं वर्षही बदललं. नुसत्या तारखेची क्षेत्रं वेळेशिवाय न्यायची असं ठरलं.

मजकुरासाठी दोन्हीकडचा एसएचए-२५६ (फाइलच्या बाइट्सवरून निघणारा ठसा) ताडतोय. काही फाइल जुळल्या नाहीत. त्या वर्ड फाइल होत्या, प्रणालीने आत घेताना त्यांच्या गुणधर्मांत स्वतःचा क्रमांक लिहिला होता. ती सोय बंद केली. अभिलेखाच्या आतला एकही बाइट प्रणालीने परस्पर बदलायचा नाही.

२१ मार्च

परवानग्यांचा आढावा. विभागप्रमुखांना याद्या पाठवल्या तर सगळ्यांनी ‘सर्व बरोबर’ म्हणून परत पाठवल्या. दोष त्यांचा नाही. शेकडो नावांची सरळ यादी कोणीही तपासू शकत नाही. यादीची रचना बदलली. ज्यांनी वर्षभरात फोल्डर उघडलाच नाही ते वर, दुसऱ्या विभागातले त्यानंतर. आणि उत्तर आलं नाही तर परवानगी जाते. या वेळी फोन आले, प्रश्न आले, आणि खरोखर नावं कमी झाली.

२८ मार्च

पहिली विल्हेवाट. अभिलेख अधिकारी प्रस्ताव मांडतात, विभागप्रमुख मान्यता देतात, होल्ड आहे का ते प्रणाली दोन्ही वेळा बघते. मजकूर जातो, शीर्षक, क्रमांक, तारखा, मान्यता देणाऱ्यांची नावं एवढं उरतं. नष्ट झाल्यावर आम्ही शोधून बघितलं: पीडीएफ रूप गेलं होतं, शोधाच्या अनुक्रमणिकेतला मजकूर मात्र पुढच्या बांधणीपर्यंत तसाच होता. विल्हेवाटीनंतर अनुक्रमणिकेतूनही काढायचं काम जोडलं. बॅकअपमधली प्रत बॅकअपची मुदत संपल्यावर जाईल. प्रमाणपत्रात ती तारीखही लिहितो, कारण त्याआधी ‘नष्ट झालं’ म्हणणं खरं नाही.

४ एप्रिल

जुनी प्रणाली फक्त वाचनासाठी ठेवली, ॲडमिन सोडून सगळ्यांची खाती बंद.

लेखापरीक्षकांनी एक प्रश्न विचारला: “हा करार गेल्या वर्षी अमुक दिवशी कोण बघू शकत होतं?” लॉग सांगतो कोणी बघितला. कोण बघू शकत होतं हे कळायला त्या दिवशीचे ग्रुप आणि त्या दिवशीच्या परवानग्या लागतात, आणि प्रणाली फक्त आजच्या ठेवते. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला सगळे ग्रुप, सदस्य आणि फोल्डरवरच्या परवानग्या यांची प्रत निघेल आणि ती स्वतःच अभिलेख म्हणून घोषित होईल. मधल्या दिवसांचे बदल लॉगमधून त्यात मिळवता येतात. जतनकाल: वर्गीकरणातला सगळ्यात मोठा असेल तेवढा. जुन्या प्रणालीची अशी शेवटची प्रत आज काढली, ऑब्जेक्ट जीयूआयडी आणि जुनं लॉगिन नाव यांच्या जोडीच्या तक्त्यासह.

बाकी: पूर्वदृश्याच्या दुरुस्तीची वाट, आणि मालक बदललेल्या दोन ग्रुपांवर अभिलेख अधिकाऱ्यांची सही.